नळ स्टॉपची हवा आणि वाहनं: आकडे मिळवण्याच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

पालकसभेत प्रश्न निघाला की हिवाळ्यात मैदानाचा तास सकाळी पहिला ठेवायचा की मधल्या सुट्टीनंतर. शाळा पुण्यातल्या नळ स्टॉप चौकाजवळ, कर्वे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. काही जण म्हणाले, सकाळी गाड्या कमी म्हणून हवा चांगली. काहींचं म्हणणं नेमकं उलटं. हवेचा आकडा चौकातल्या फलकावर दिसतो, मोबाइलवरही दिसतो. पण गेल्या डिसेंबरात सकाळी सात ते नऊ इथे काय होतं, हे एकालाही सांगता येईना. ते शोधायचं काम मी अंगावर घेतलं आहे. मला हवा तासातासाचा आकडा, सोबत केंद्राचं नाव, एकक आणि वेळ. मध्ये खंड पडला असेल तर तोही दिसला पाहिजे. आणि हे सगळं कोणालाही, कोणाची परवानगी न मागता उतरवून घेता आलं पाहिजे. असंच काम दुसऱ्या चौकात करू पाहणाऱ्यांसाठी ही वही.

पुण्यात चोवीस तास मोजणारी सरकारी केंद्रं आहेत. कर्वे रस्त्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे. शिवाजीनगरची रेव्हेन्यू कॉलनी, हडपसर, पाषाणची पंचवटी इथे आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची आहेत. ही सगळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जाळ्यात जोडलेली आहेत, आणि त्यांचा ताजा आकडा सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून थेट आकडे मागवायच्या सोयीने, मिळतो. नोंदणी केली की स्वतःची 'की', म्हणजे प्रवेशाचा संकेतशब्द, फुकट मिळते. पोर्टलवरची नमुना की वापरू नका, ती एका वेळी दहाच ओळी देते. राज्य आणि शहर गाळणीत टाकलं आणि मर्यादा वाढवली, की पुण्याच्या सगळ्या ओळी एकदम येतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. एपीआयने येणाऱ्या या आकड्यांच्या प्रवाहात, म्हणजे फीडमध्ये, फक्त ताजी नोंद असते. पुढच्या तासाला ती जाते आणि तिच्या जागी नवी बसते. म्हणून विश्लेषण वगैरे नंतर. आधी दर तासाला मिळेल ते जसंच्या तसं साठवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लावली. ती आजपासून चालू.

१४ ऑक्टोबर

पहिला आलेख काढला तर आकडे मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत पसरलेले! कारण तारखेत निघालं. फीडमध्ये ती दिवस-महिना-वर्ष अशी येते. आकडे हाताळायला मी पायथॉन भाषेतली पांडाज लायब्ररी वापरते; तिला काही सांगितलं नाही, तर ती पहिला आकडा महिन्याचा धरते. त्यामुळे ५ ऑक्टोबर झाला १० मे आणि १२ ऑक्टोबर झाला १० डिसेंबर. तेरा नावाचा महिना नसल्यामुळे १३ तारखेपासून सगळं आपोआप बरोबर दिसायला लागलं, आणि म्हणूनच हे लक्षात आलं. महिन्याच्या उत्तरार्धात काम सुरू केलं असतं, तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत कळलं नसतं. तारखेचा नमुना स्पष्ट लिहून द्या. फीडमधून आलेल्या मूळ फायली (जेसन स्वरूपातल्या) जशाच्या तशा ठेवल्या होत्या, त्यामुळे नुकसान झालं नाही.

आकड्याच्या जागी 'एनए' असेल तर तिथे शून्य भरू नका, रिकामी जागा ठेवा. शून्य धूळ आणि बंद यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९ ऑक्टोबर

या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच असेल असं वाटतं.

फीडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे आकडे वीस, तीस, चाळीस असे येत होते. हा वायू भारतात मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये सांगतात आणि त्याचं आठ तासांचं मानक २ आहे. रस्त्यावर खरोखर ४० असतं तर ते मानकाच्या वीसपट झालं असतं. म्हणजे हा आकडा हवेतल्या प्रमाणाचा नाही. तो उपनिर्देशांक आहे, त्या प्रदूषकाचं प्रमाण शून्य ते पाचशेच्या मोजपट्टीवर बसवल्यावर येणारा.

पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, हिच्या बाबतीत हे आणखी फसवं, कारण तिथे दोन्ही आकडे शक्य कोटीतले वाटतात. राष्ट्रीय निर्देशांकाच्या तक्त्यात ३० मायक्रोग्रॅमला ५०, ६० ला १०० आणि ९० ला २०० अशा पायऱ्या आहेत. हवेत ७५ मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक येतो जवळपास १५०. कोणी घरच्या सेन्सरचे ७५ आणि फीडमधले १५० शेजारी ठेवले, तर सेन्सर निम्मंच दाखवतोय असा समज होईल आणि चांगला सेन्सर फेकून दिला जाईल. शिवाय निर्देशांकासाठी धुळीची चोवीस तासांची सरासरी धरतात. आमचा प्रश्न सकाळच्या दोन तासांचा. चोवीस तासांच्या सरासरीतून त्याचं उत्तर निघणार नाही.

मग दुसरीकडे वळले. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्र, प्रदूषक आणि कालावधी निवडून तासाचं खरं प्रमाण एक्सेलमध्ये घेता येतं. काम हाताने करावं लागतं, पण आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो. ओपनएक्यू या जगभरचे हवेचे आकडे खुले ठेवणाऱ्या संग्रहावर तेच प्रमाण एपीआयने मिळतं. यापुढे प्रमाणासाठी ओपनएक्यू, पडताळणीसाठी एक्सेल. निर्देशांकाचं फीड साठवत राहीन, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. फोल्डरच्या नावातच 'निर्देशांक' लिहिलं आहे.

२० ऑक्टोबर

सरकारी केंद्र कर्वे रस्त्याचं सांगेल, शाळेच्या गल्लीचं सांगणार नाही. म्हणून स्वतःचाही एक सेन्सर हवा. सेन्सर डॉट कम्युनिटी हे स्टुटगार्टच्या नागरिकांनी २०१५ मध्ये सुरू केलेलं जाळं. त्यांची रचना तयार आहे: धुळीसाठी एसडीएस०११, आर्द्रतेसाठी बीएमई२८०, मेंदू म्हणून नोडएमसीयू हा छोटा वायफाय सर्किटबोर्ड. आकडे थेट त्यांच्या खुल्या संग्रहात जातात. माझ्या लॅपटॉपचं काही झालं तरी डेटा शिल्लक राहील, हे मला फार मोलाचं वाटलं.

नोडएमसीयू, अडॅप्टर, वायरी तपकीर गल्लीत मिळाल्या. धुळीचा सेन्सर आणि बीएमई२८० ऑनलाइन मागवले.

२६ ऑक्टोबर

आर्द्रता येतच नव्हती. तापमान येत होतं, दाब येत होता. वायरी बदलून पाहिल्या, नोडएमसीयूच्या डी३ आणि डी४ या पिनांची अदलाबदल करून पाहिली, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी चिपची ओळख वाचणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. बीएमई२८० चं उत्तर हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) ६० यायला हवं, इथे आलं ५८. म्हणजे ही बीएमपी२८०. तिच्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. दोन्ही दिसायला सारख्या आणि बीएमपी स्वस्त, त्यामुळे बीएमईच्या नावाखाली ती सर्रास विकली जाते. माल हातात आला की आधी ओळख वाचा, मग सोल्डर करा.

खोका पीव्हीसी पाइपाच्या दोन एल्बोंचा (कोपरासारख्या वाकड्या तुकड्यांचा) केला, तोंडं खाली, पाऊस आत येणार नाही असे. मूळ रचनेत ७५ मिलिमीटरचे एल्बो आहेत. आपल्याकडच्या त्या मापात सेन्सर दाबून बसवावा लागत होता, म्हणून ११० चे घेतले. खालच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावली. शाळेसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी गॅलरी दिली. फोडणीचा धूर जाईल तिथून लांब, रस्त्याच्या बाजूच्या गजाला खोका बांधला. नोडएमसीयूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. काकूंच्या राउटरवर दोन्ही पट्ट्या एकाच नावाने होत्या, तर सेन्सरसाठी वेगळं नाव करून घेतलं.

२ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. रात्री आलेख वर गेला आणि काही काळ ९९९.९ वर सपाट झाला. ही एसडीएस०११ ची कमाल मर्यादा. तेव्हा हवेत खरंच किती धूळ होती ते या यंत्राला कळत नाही, हजाराच्या आसपास किंवा वर एवढंच. या ओळी पुसल्या नाहीत. 'मर्यादा' अशी खूण करून ठेवल्या आणि सरासरीतून वगळल्या. दिवाळीचे दिवस हिवाळ्याच्या हिशोबात धरणार नाही, नाहीतर मैदानाच्या तासाचं उत्तर फटाकेच देतील.

१० नोव्हेंबर

आमच्या सेन्सरनुसार सकाळचा चढ रात्री दीडच्या सुमाराला सुरू होत होता आणि सरकारी केंद्रात सातला. संग्रहातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली तिच्या साडेपाच तास पुढे. हे दुरुस्त करणं सोपं. पण त्यात एक बारीक खोच आहे. आधी यूटीसीच्या तासांची सरासरी काढून मग साडेपाच तास मिळवले, तर आपले तास साडेसहा ते साडेसात असे पडतात आणि सरकारी तास सहा ते सात. अर्धा तास कायम सरकलेला राहतो. शाळा भरण्याच्या वेळी तर अर्ध्या तासात रस्त्याचं रूप पालटतं. म्हणून आधी प्रत्येक कच्च्या नोंदीची वेळ भारतीय करायची, सरासरी त्यानंतर. युरोपात तयार केलेल्या स्क्रिप्टमध्ये ही अडचण दिसत नाही, कारण तिथे फरक पूर्ण तासांचा असतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. सेन्सर परत आपोआप सुरू झाला. पण फीड साठवणाऱ्या 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकाचं एसडी कार्ड खराब झालं, लिहिता लिहिता वीज गेली असणार. तीन दिवसांचं निर्देशांकाचं फीड गेलं, ते परत मिळणार नाही. आता पाय छोट्या एसएसडीवरून चालतो आणि दर रात्री प्रत बाहेर जाते. हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं, खर्च जेमतेम तेराशे.

२८ नोव्हेंबर

वाहनांच्या आकड्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज दिला. चौकात कॅमेरे आहेत, सिग्नल गर्दीप्रमाणे बदलतात. म्हणजे वाहनं कुठेतरी मोजली जातात. सार्वजनिक ठिकाणी ते आकडे मला सापडले नाहीत.

महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे हवा आणि वाहतूक एकत्र मागू नका. मी एवढंच मागितलं: एका चौकाचे, एका महिन्याचे, प्रत्येक दिशेचे पंधरा-पंधरा मिनिटांचे वाहनांचे आकडे, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

१५ डिसेंबर

थंडी पडली आणि आमचा सेन्सर पहाटे भलतेच आकडे दाखवू लागला. एसडीएस०११ लेझरचा प्रकाश किती विखुरतो यावरून धूळ मोजतो. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, धुक्याचा थेंबही त्याला कणच वाटतो. मोठ्या केंद्रांत बीटा किरणांनी मोजणारी यंत्रं हवा आत घेताना गरम करून कोरडी करतात. आमच्या प्लॅस्टिकच्या नळीत ते होणार कसं?

आधी आर्द्रतेवरून दुरुस्ती करणारं सूत्र बसवून पाहिलं. एका आठवड्याला जुळलं, दुसऱ्याला नाही. शिवाय खोक्यातली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा कमी येते, कारण सर्किट स्वतःच थोडं तापतं. सूत्र सोडून दिलं. आता आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्या तासाला 'दमट' अशी खूण. पहाटेच्या प्रश्नाचं उत्तर सरकारी केंद्राच्या आकड्यावरून द्यायचं, कोरड्या तासांत गल्ली आणि मुख्य रस्ता यांतला फरक आमच्या सेन्सरवरून पाहायचा. पाच हजारांच्या आतल्या यंत्राकडून याहून जास्त मागणं चुकीचं होईल.

२४ डिसेंबर

अर्जाचं उत्तर आलं: पाठ्यपुस्तकाएवढा जाड गठ्ठा, ९६ पानं, पानाला दोन रुपये. छापलेला तक्ता, काही स्तंभ कडेला कापले गेलेले. तक्ता मुळात संगणकावरच होता, हे त्याच्या ठेवणीवरून दिसतं.

प्रथम अपील करायचं ठरवलं. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेण्याचा हक्क आहे आणि कलम ७(९) सांगतं की माहिती सर्वसाधारणपणे ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी. या दोनच मुद्द्यांवर अर्धं पान. फी वीस रुपये.

५ जानेवारी २०२५

वाट पाहताना स्वतः मोजायला घेतलं. आधी कागदावर, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दोन पालक आणि मी, सकाळी साडेसात ते साडेआठ, गल्लीच्या तोंडाशी. हे टाळू नका. यंत्र बरोबर मोजतंय का, हे ठरवायला माणसाने मोजलेला एक तास लागतोच.

नंतर काकूंच्या गॅलरीत पायला कॅमेरा जोडला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी दोन अटी घातल्या, दोन्ही योग्य: चेहरे आणि नंबर ओळखू येता कामा नयेत, आणि चित्रफीत साठवायची नाही. म्हणून चित्र मुद्दाम कमी रिझोल्यूशनचं, कोन फक्त डांबरावर, आणि मोजणी झाली की फाइल नष्ट. शिल्लक राहतो फक्त आकडा.

१२ जानेवारी

हातमोजणीत रिक्षा भरपूर, कॅमेऱ्याच्या मोजणीत एकही नाही. चित्रातल्या वस्तू ओळखणारं तयार योलो मॉडेल ज्या कोको नावाच्या चित्रसंचावर शिकवलेलं असतं, त्यात सायकल, मोटार, मोटारसायकल, बस, ट्रक आहेत, रिक्षा हा वर्गच नाही. मॉडेल तिला कधी मोटार म्हणतं, कधी ट्रक. आपल्याकडे हा फरक किरकोळ नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार १ धरली, तर रहदारीत दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्या दुचाकीला ०.७५, रिक्षाला २ आणि बसला ३.७ असं वजन आहे. रिक्षाच चुकली तर रस्त्यावरचा भार चुकला.

ट्रिपल आयटी हैदराबादच्या पुढाकाराने झालेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षा स्वतंत्र वर्ग आहे. चित्रं हैदराबाद-बंगळूरची असली तरी रिक्षा ती रिक्षाच. त्यावर छोटं मॉडेल पुन्हा शिकवलं. रिक्षा आता नीट ओळखू येतात. दुचाकी अजून कमी मोजल्या जातात, कारण सिग्नल सुटला की त्या एकमेकींच्या आड जातात. पायला सेकंदाला फार चौकटी झेपत नाहीत, म्हणून दर पाव तासातली पाच मिनिटं टिपायची आणि रात्री मोजून फीत पुसायची. दुचाकींच्या आकड्यासमोर 'किमान' असं लिहायचं ठरवलं.

१ फेब्रुवारी

ओपनएक्यूचा जुना एपीआय काल, ३१ जानेवारीला, बंद झाला. त्यांनी आधी कळवलं होतं. माझी स्क्रिप्ट आज रिकाम्या हाताने परत आली. नव्या तिसऱ्या आवृत्तीला की लागते आणि रचना वेगळी आहे: आधी ठिकाण, त्या ठिकाणचे सेन्सर, मग सेन्सरची मोजमापं. बदल एका बैठकीत झाला. मात्र रिकामं उत्तर आलं तर ईमेल पाठवणारी ओळ आता प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आहे.

१० फेब्रुवारी

अपिलाची सुनावणी २७ जानेवारीला झाली होती. अधिकाऱ्यांनी पाच मिनिटांत मुद्दा समजून घेतला. आज सीडी मिळाली, पन्नास रुपये. आत एक्सेलची फाइल, पंधरा मिनिटांच्या ओळी, दिशेप्रमाणे. जो तक्ता कागदावर वाचता येत नव्हता तो उघडायला क्षणही लागला नाही. त्यात वाहनांचे प्रकार नाहीत, फक्त एकूण. तरी कुठल्या पाव तासात किती, हे चौकाच्या चारही बाजूंचं माझ्या हाती आलं. एका गॅलरीतल्या कॅमेऱ्याने ते कधीच मिळालं नसतं.

हे काम एका माणसाने दर चौकासाठी, दर महिन्यासाठी करायचं नाही. फाइल तयार असते. ती दर महिन्याला खुल्या पोर्टलवर ठेवायला कोणाचे जास्तीचे श्रम लागणार नाहीत. माहिती अधिकार अधिनियमाचं चौथं कलम शासकीय कार्यालयांना न मागता माहिती द्यायला सांगतं, आणि २०१२ चं राष्ट्रीय डेटा धोरणही तेच सांगतं. याच दोन आधारांवर नियमित प्रकाशनाची लेखी विनंती आज दिली.

२३ फेब्रुवारी

पालकसभेत आलेख ठेवले. डिसेंबर-जानेवारीत सरकारी केंद्रावर धूळ रात्रीपासून साठलेली असते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत उतरत नाही. वाहनांचा लोंढा सर्वांत मोठा असतो तो दहाच्या आसपास, आणि तेव्हा धूळ कमी व्हायला लागलेली असते. थंड हवा जमिनीलगत साचते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, ऊन तापलं की झाकण उघडतं. त्यामुळे 'गाड्या कमी म्हणजे हवा चांगली' हा अंदाज सकाळी चुकतो. दुपारी धूळ सर्वांत कमी, संध्याकाळी सातनंतर दोन्ही वाढतात. कोरड्या तासांत गल्लीतला आकडा मुख्य रस्त्यासोबत वरखाली होतो, फक्त शाळा सुटताना वीसेक मिनिटं गल्लीत वेगळा उंचवटा दिसतो. तेव्हा फाटकासमोर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात.

पुढच्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मैदानाचा तास मधल्या सुट्टीनंतर, असं शाळेने मान्य केलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना इंजिन बंद ठेवण्याची पाटी उद्या लागते.

२ मार्च

सगळं गिटहबवर, म्हणजे फायली आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले ठेवता येणाऱ्या संकेतस्थळावर, ठेवलं: कच्च्या फायली, खुणा केलेल्या फायली, स्क्रिप्ट, आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे काय हे मराठीत सांगणारी फाइल. सरकारी आकड्यांना २०१७ चा शासकीय खुल्या डेटाचा परवाना लागू आहे, स्रोत लिहिला की वापरता येतात. आमचे आकडे आम्हीही त्याच तत्त्वावर खुले केले.

खर्च: हवेच्या सेन्सरवर ४,१८० रुपये, त्यात चुकीच्या चिपचे १८०. जुना पाय, कॅमेरा आणि एसएसडी मिळून ६,०००. माहिती अधिकारावर २७२, त्यातले १९२ कागदाचे. वेळ सर्वांत जास्त गेला तो एकक आणि वेळ जुळवण्यात. या दोन्ही गोष्टी आकड्यासोबत लिहून आल्या असत्या, तर निम्मं काम वाचलं असतं.

बाकी: एसडीएस०११ च्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास. आमचा सतत चालत नाही, तरी पुढच्या दिवाळीआधी नवा आणून दोन आठवडे जुन्याच्या शेजारी बांधायचा, म्हणजे बदलताना आकड्यात उडी आली तर ती मोजता येईल. पौड फाट्याच्या एका सोसायटीने दुसरा सेन्सर बसवायला गॅलरी देऊ केली आहे. शनिवारी एल्बो घेऊन तिकडे जाते.